मराठी अध्यापकांची स्थानिक परिषद : विसर्जनाच्या ठरावापूर्वी

आमच्या विद्यापीठक्षेत्रातील मराठी अध्यापकांच्या परिषदेच्या आगामी वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे परिषदेच्या विसर्जनाचा ठराव यावयाचा आहे. ठरावाचा मसुदा कार्यकारिणीने सभासदांकडे पाठविला असून त्यात तीन कारणे दिली आहेत. वर्गणीदार सभासदांची संख्या वर्षागणिक घटत आहे; सभांना गणसंख्या होत नाही; आणि परिषदेची म्हणून जी कामे होती ती आता अन्य मार्गांनी होऊ लागली आहेत. तिन्ही विधाने वस्तुस्थितीला धरून आहेत आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही. मात्र या विधानांवरून जो निष्कर्ष काढण्यात आला आहे तो त्यांतून निघत नाही, असे माझे मत आहे. ते सभेत पाच मिनिटांत मांडण्याजोगे नसल्यामुळे या नियतकालिकाच्या पृष्ठांचा आश्रय घेतला आहे. प्रश्न एका विद्यापीठक्षेत्रापुरता दिसत असला, तरी ज्यांनी अशा परिषदांत काम केले आहे त्यांना तो अपरिचित वाटणार नाही.

परिषद काय होती, हे प्रथम सांगणे आवश्यक आहे, कारण गेल्या दहापंधरा वर्षांत अध्यापनाकडे वळलेल्या अनेकांना तिचा अनुभवच नाही. वेतन आणि सेवाशर्ती यांसाठी झगडणाऱ्या प्राध्यापकांच्या संघटना निराळ्या. लेखक, वाचक, रसिक या सर्वांना सामावून घेणाऱ्या महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), विदर्भ साहित्य संघ (१९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) यांसारख्या संस्था निराळ्या. आमची परिषद या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होती. मराठी हा विषय महाविद्यालयात शिकविणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी त्या व्यवसायातील अडचणींचा एकत्र विचार करावा, एवढाच तिचा उद्देश होता. उद्देश लहान होता म्हणूनच तो पुष्कळ वर्षे टिकला असावा.

दरवर्षी दिवाळीच्या सुटीत एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचे अधिवेशन भरे. यजमान महाविद्यालयाच्या वसतिगृहात सतरंज्यांवर मुक्काम असे. दिवसा निबंधवाचन आणि अध्यक्षीय भाषण होई; परंतु परिषदेचे खरे काम रात्रीच्या जेवणानंतर सुरू होई. याचे कारण आमच्या महाविद्यालयांच्या रचनेत होते. तालुक्याच्या महाविद्यालयातील मराठी विभाग म्हणजे पुष्कळदा एकच माणूस. त्याने प्राचीन वाङ्मयही शिकवावयाचे आणि भाषाविज्ञानही, साहित्यशास्त्रही आणि व्यावहारिक मराठीही. शंका आली तर विचारावयाचे कोणाला? ग्रंथालयात असेल तेवढ्या सामग्रीवर भागवावे लागे. लीळाचरित्र शिकविताना एका विद्यार्थ्याने आपल्या हातातील प्रतीत लीळेचा पाठ वेगळा असल्याचे दाखवून दिले आणि मी वर्गात गप्प झालो, हा माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातील प्रसंग आहे. शं. गो. तुळपुळे यांचे संपादन आणि वि. भि. कोलते यांचे १९७८ चे संपादन यांत संहितेच्या दृष्टीने काय अंतर आहे, हस्तलिखितांची निवड कशी झाली आहे, आणि पदवीच्या वर्गात यांपैकी किती सांगावे, हे मला एका ज्येष्ठ अध्यापकांनी अधिवेशनाच्या रात्री दोन तास बसून समजावून दिले. ते त्यांनी कोठे लिहिले नाही. लिहिण्यासारखे त्यात काही आहे, असे त्यांना वाटलेही नसेल.

दलित आत्मकथने अभ्यासक्रमात आली तेव्हाची एक चर्चा अधिक सविस्तर सांगण्यासारखी आहे. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४) या ग्रंथांवर परीक्षणे आणि समीक्षालेख उपलब्ध होते. वर्गात त्यांतील उतारा मोठ्याने कसा वाचावा, हे मात्र कोणत्याही समीक्षालेखात नव्हते. जातिवाचक शिव्या जशाच्या तशा वाचाव्यात की गाळाव्यात? ज्या जातीची वेदना त्या उताऱ्यात आहे त्या जातीतील मुलगा तिसऱ्या बाकावर बसलेला आहे आणि ज्यांच्याकडून ती पोचली त्यांचा मुलगा त्याच्या शेजारी, हे ठाऊक असताना आवाज कोणता लावावा? काही अध्यापक तो भाग घरी वाचा म्हणून सांगत आणि पुढे जात. एका सहकाऱ्याने त्या रात्री स्वतःच्या शालेय जीवनातील वाचनाच्या तासाची आठवण सांगितली आणि गाळलेला उतारा वाचलेल्या उताऱ्याहून अधिक मोठ्याने ऐकू येतो, या आशयाचे काही बोलला. चर्चा पहाटेपर्यंत चालली, काही जण रागावून झोपावयास गेले. तिचे फलित एकाही शोधनिबंधात आले नाही. पण दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी परतलेल्या दहाबारा जणांच्या शिकविण्यात ते आले असावे. माझ्या शिकविण्यात तरी आले.

परिषद अशी निर्मळच होती, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. अभ्यासमंडळाच्या निवडणुकीच्या वर्षी वर्गणीदार सभासद एकाएकी वाढत आणि पुढील वर्षी ओसरत. कोणाचे पुस्तक अभ्यासक्रमास लागावे, याची बोलणीही त्याच सतरंज्यांवर होत. ही गोष्ट नमूद करण्याचे कारण असे की, परिषदेच्या जुन्या दिवसांचे गोडवे गाऊन विसर्जनाचा ठराव फेटाळला जावा, अशी माझी इच्छा नाही. तसे झाल्यास परिषद आणखी पाच वर्षे कागदावर राहील आणि मग कोणी ठराव मांडण्याइतकीही तसदी घेणार नाही.

सभासदसंख्या का घटली? मसुद्यात याचे उत्तर ‘अध्यापकवर्गातील वाढती उदासीनता’ असे एका वाक्यात दिले आहे. हे उत्तर मला मान्य नाही. उदासीनता हे कारण सांगण्यात एक सोय असते. ज्यांनी संस्था चालविली त्यांच्याकडे त्यामुळे पाहावे लागत नाही.

पहिले कारण भूगोलाचे आहे. विद्यापीठक्षेत्रावर आधारलेल्या संस्थेचे क्षेत्र विद्यापीठाच्या विभाजनाबरोबर तुटते. जळगाव (१९९०), नांदेड (१९९४), सोलापूर (२००४), गडचिरोली (२०११) येथे नवी विद्यापीठे झाली तेव्हा मूळ विद्यापीठांकडील जिल्हे त्यांच्याकडे गेले. सोलापूरच्या वाट्याला तर एकच जिल्हा आला. नवे विद्यापीठ ही त्या त्या भागाची न्याय्य मागणी होती, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु अभ्यासक्रम वेगळे झाले की एकत्र बसण्याचे एक निमित्त नाहीसे होते. आमच्या परिषदेचे क्षेत्रही अशाच एका विभाजनाने आक्रसले. पलीकडचे सहकारी दोनतीन वर्षे येत राहिले, मग त्यांनी आपली स्वतंत्र परिषद काढली. ती आमच्याआधी बंद पडली.

दुसरे कारण गुणांकांचे आहे, आणि ते अधिक खोल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी स्थाननिश्चितीसाठी गुणांची पद्धत आणली. चर्चासत्रात निबंध वाचल्यास आंतरराष्ट्रीय पातळीवर १० गुण, राष्ट्रीय पातळीवर ७.५, प्रादेशिक वा राज्य पातळीवर ५ आणि स्थानिक पातळीवर ३, अशी ती उतरंड होती. जो अध्यापक दिवाळीची सुटी आणि प्रवासखर्च घालून आमच्या अधिवेशनाला येई, त्याला त्याच खर्चात शेजारच्या शहरात अडीचपट गुण मिळू लागले. त्याला दोष देता येत नाही. त्याची बढती अडली होती, घराचे हप्ते चालू होते. परिषदेने यावर जे केले ते मात्र दोषास्पद होते. आम्ही अधिवेशनाचे नाव बदलून ‘राष्ट्रीय चर्चासत्र’ केले. राष्ट्रीयत्वासाठी गोवा, बेळगाव किंवा बडोद्याहून एक पाहुणा आणि फलकावर एक शब्द एवढे पुरे होई. निबंधांची संख्या वाढली आणि प्रत्येकाला पाच मिनिटे मिळू लागली. एकाच वेळी तीन वर्गखोल्यांत वाचन चाले. ज्यांचे वाचन झाले ते प्रमाणपत्र घेऊन दुपारच्या बसने निघून जात. रात्रीचा मुक्काम उरला नाही. २०१८ च्या विनियमांत देशांतर्गत आंतरराष्ट्रीय पातळीला ५, राष्ट्रीय पातळीला ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीला २ गुण ठेवण्यात आले, आणि ‘स्थानिक’ हा शब्द त्या तक्त्यातून गळाला. तोपर्यंत आमच्या कारभारातूनही तो गळालेलाच होता.

परिषदेच्या वार्षिकाचीही हीच गत झाली. आयोगाने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. तीत नाव नाही म्हणून आमच्या वार्षिकाकडे लेख येईनासे झाले आणि ते थांबले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीच बंद केल्याचे आयोगाने जाहीर केले. यादी गेली, पण तिच्यामुळे बंद पडलेले वार्षिक काही परत आले नाही.

‘अन्य मार्गांनी होऊ लागलेल्या’ कामांविषयी थोडक्यात. अभ्यासक्रमाच्या प्रती, जुन्या प्रश्नपत्रिका, नियुक्त्यांच्या वार्ता हे सारे आता व्हॉट्सॲपच्या समूहात मिळते आणि परिषदेच्या परिपत्रकापेक्षा लवकर मिळते, हे खरे आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरबसल्या व्याख्यानेही झाली आणि त्यांची प्रमाणपत्रेही ईमेलने आली. परंतु समूहाला इतिवृत्त नसते. तेथे मतभेद झाला की लोक निघून जातात वा शुभेच्छांची चित्रे येऊन तो झाकला जातो. आपल्याला वर्गात अमुक शिकविता येत नाही, अशी कबुली दोनशे जणांच्या समूहात कोणी लिहून दिल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

येथवरची कारणे बाहेरून आलेली आहेत. तिसरे कारण आम्हीच निर्माण केले, आणि विसर्जनाच्या मसुद्यात ज्याचा उल्लेखही नाही ते हेच आहे.

परिषदेच्या घटनेनुसार संलग्न महाविद्यालयात किंवा विद्यापीठ विभागात मराठी शिकविणारा ‘मान्यताप्राप्त पूर्णवेळ अध्यापक’ हाच साधारण सभासद होऊ शकतो. मतदानाचा आणि कार्यकारिणीत येण्याचा हक्क त्यालाच. हे कलम लिहिले गेले तेव्हा ते कोणाला वगळण्यासाठी लिहिले होते, असे मी म्हणणार नाही. त्या काळी महाविद्यालयात मराठी शिकविणारा माणूस बहुधा पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्तच असे. १९७५ च्या सुमारास नवा आकृतिबंध आला, अकरावी-बारावीचे वर्ग कनिष्ठ महाविद्यालय म्हणून वेगळे झाले, आणि त्याच इमारतीत त्याच फळ्यावर मराठी शिकविणारे सहकारी या व्याख्येच्या बाहेर पडले. त्याचे तेव्हा कोणाला विशेष वाटले नाही. पुढे निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जाईनात, तेव्हा व्याख्येची दुसरी बाजूही ढासळली. आज आमच्या क्षेत्रातील अनेक महाविद्यालयांत मराठीचा कार्यभार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहतात. एका रिक्त जागेचे तास पुष्कळदा दोघांत वाटले जातात. सत्र सुरू झाल्यावर नियुक्ती, सत्र संपले की मुक्ती, सुटीचे वेतन नाही, पुढच्या वर्षीची शाश्वती नाही. यांपैकी बहुतेक जण नेट वा सेट उत्तीर्ण आहेत, अनेकांनी पीएच.डी. केलेली आहे. ते उत्तरपत्रिका तपासतात आणि विभागाचे वाङ्मयमंडळही चालवितात. काही विभागांत तर त्यांच्याखेरीज कोणी नाही. विभागप्रमुखाची पाटी अन्य विषयाच्या प्राध्यापकांकडे आहे.

म्हणजे विद्यापीठक्षेत्रात मराठी शिकविणारे लोक नाहीसे झालेले नाहीत. ‘सभासद’ या शब्दाची आम्ही केलेली व्याख्या ज्यांना लागू पडते ते नाहीसे होत आहेत. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्या एक मानल्यामुळेच कार्यकारिणीचा निष्कर्ष चुकला आहे.

या संदर्भात माझा स्वतःचा वाटा सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावरील अध्यापकांना साधारण सभासदत्व द्यावे, अशी सूचना सभेपुढे आली होती. तेव्हा कार्यकारिणीने तडजोड म्हणून ‘सहयोगी सभासद’ असा एक वर्ग काढला. वर्गणी तीच, मताचा हक्क मात्र नाही. त्या दुरुस्तीला अनुमोदन देणारा मी होतो. कारणे त्या वेळी मला समंजस वाटली होती. पुढच्या अधिवेशनात नोंदणीच्या टेबलाशी एका तरुण अध्यापिकेने पावती हाती घेऊन मला विचारले, “सर, आम्हाला इथं श्रोते म्हणून बोलावलंय की अध्यापक म्हणून?” तिचा स्वर उद्धट नव्हता, तिला खरोखरच माहिती हवी होती, कारण पावतीवर तसे दोन रकाने होते. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ती पुन्हा अधिवेशनाला आली नाही. त्या वर्षी जे सहयोगी सभासद झाले त्यांपैकी बहुतेकांनी पुढल्या वर्षी वर्गणी भरली नाही, आणि आम्ही त्यांची नावे ‘उदासीनता’ या सदरात टाकली.

आपण सारे दरवर्षी एकोणिसाव्या शतकाचा इतिहास शिकवितो. १८७८ ची ग्रंथकारांची सभा, पुढची १८८५ ची, आणि तिच्या निमंत्रणाला जोतीराव फुले यांनी दिलेला नकार, हे प्रश्नपत्रिकेतील हमखास प्रश्न आहेत. त्या नकारात सभेच्या हेतूंवर जेवढा आक्षेप होता त्याहून अधिक सभा कोणाची, यावर होता, हे आपण विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतो. आमच्या कलमाची तुलना त्या प्रसंगाशी करणे कदाचित अतिशयोक्त ठरेल. पण ज्यांनी हा नकार पंचवीस वर्षे शिकविला त्यांच्या घटनेत असे कलम असावे आणि ते कोणाच्या लक्षातही येऊ नये, हे आपल्या शिकविण्याविषयी काही सांगत नाही काय?

तासिका तत्त्वावरील अध्यापकांना पूर्ण सभासदत्व देण्याविरुद्ध जे आक्षेप तेव्हा घेतले गेले ते आजही घेतले जातील. ते पोकळ नाहीत. पहिला असा की हे अध्यापक बहुसंख्य झाल्यास परिषद मानधनाच्या आणि नियुक्त्यांच्या प्रश्नांत ओढली जाईल आणि तिचे अभ्यासकी स्वरूप जाईल. ही भीती मला पूर्वी फार मोठी वाटे. आता असे वाटते की विषयाचे अध्यापन आणि अध्यापकाची स्थिती यांत आपण घातलेली भिंत पूर्णवेळ वेतन मिळणाऱ्याला परवडते. ज्याला जुलैपर्यंत ठाऊक नसते की आपण कोणती अभ्यासपत्रिका शिकविणार आहोत, त्याने ‘लीळाचरित्रा’ची पाठचिकित्सा कधी करावी, हा प्रश्न मानधनाचा आहे की अध्यापनाचा? मानधनाची भांडणे लढण्यास अन्य संघटना आहेत आणि त्यांनी ती लढावीत. पण अभ्यासपत्रिकांचे वाटप सत्रारंभापूर्वी व्हावे, असा ठराव करण्यास आमच्या परिषदेला कोणती आडकाठी होती? तो ठराव आम्ही कधी केला नाही, कारण तो ज्यांना सुचला असता ते मतदार नव्हते.

दुसरा आक्षेप असा की, हे लोक स्थिर नाहीत. आज या महाविद्यालयात, उद्या त्या, परवा कदाचित कोठेच नाही. सभासदयादी ठेवावी कशी? हा व्यावहारिक प्रश्न आहे आणि त्याला व्यावहारिक उत्तर आहे. सभासदत्व नियुक्तीपत्राला न बांधता अध्यापनाला बांधावे. विद्यापीठक्षेत्रात ज्याने मराठी शिकविले आहे त्याचे सभासदत्व शिकविण्याच्या वर्षी आणि त्यानंतर तीन वर्षे राहावे, असे कलम करता येईल. कनिष्ठ महाविद्यालयातील मराठीच्या शिक्षकांनाही त्यात घ्यावे. अकरावीतून आलेल्या मुलाला काय येते आणि काय येत नाही, हे त्यांच्याइतके आपल्याला ठाऊक नसते. वर्गणीच्या बाबतीत माझी सूचना अशी आहे की तासिका तत्त्वावरील अध्यापकाने वर्षाला एका तासिकेचे मानधन द्यावे आणि पूर्णवेळ अध्यापकाने एका दिवसाचे वेतन. यावर सभेत हशा होईल, याची मला कल्पना आहे.

आता विसर्जनाविषयी. मसुदा वाचून असे वाटते की ठराव संमत झाला की दुसऱ्या दिवशी कुलूप लावता येईल. तसे नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १३ प्रमाणे विसर्जनास सभासदांपैकी किमान तीनपंचमांश सभासदांचे मत लागते. ‘उपस्थितांपैकी’ नव्हे, ‘सभासदांपैकी’. कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकलेली आहे त्याला मताचा हक्क नाही, आणि तो सभासद म्हणून गणलाही जात नाही. म्हणजे हिशेबात धरावयाचे ते मुख्यतः आजीव सभासद, कारण त्यांची वर्गणी थकण्याचा प्रश्नच येत नाही. आमची आजीव सभासदांची यादी १९९० च्या दशकात बव्हंशी तयार झाली. त्या वेळी मुदतठेवीवर दोन आकडी व्याज मिळे आणि एकरकमी वर्गणी घेऊन तिच्या व्याजावर परिषद चालेल, असा कोषाध्यक्षांचा हिशेब होता. व्याजाचे दर निम्म्याच्या आसपास आले आणि तो हिशेब चुकला. यादी मात्र तशीच राहिली. तीत निवृत्त झालेले आहेत, मुलांकडे पुण्याला किंवा परदेशी राहावयास गेलेले आहेत, आणि दिवंगत झालेलेही आहेत, कारण ती नावे कमी करण्याचे काम कोणी केलेले नाही. ‘आजीव’ या शब्दाचा अर्थ मराठीच्या अध्यापकांना तरी सांगावा लागू नये. या यादीवर तीनपंचमांश मोजावयाचे झाल्यास परिषद चालविता येत नाही आणि बंदही करता येत नाही, अशी अवस्था आहे.

शिवाय कलम १४ प्रमाणे देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे जाते. आमची मालमत्ता म्हणजे एक लहानशी ठेव, दोन कपाटे, आणि त्या कपाटांतील इतिवृत्ते व टंकलिखित निबंध. ठेवीची चिंता मला नाही. ती कोणालाही चालेल. परंतु आमच्या भागातील महाविद्यालयांत मराठी कसे शिकविले गेले, कोणत्या पुस्तकावर कोणता आक्षेप आला, तो कोणी परतविला, याची अन्यत्र कोठेही नसलेली नोंद त्या इतिवृत्तांत आहे. वर उल्लेखिलेल्या त्या रात्रीच्या चर्चेचीही चार ओळींची नोंद तेथे आहे, तीही फक्त तत्कालीन कार्यवाहांना झोप येत नव्हती म्हणून. मसुद्यात या कागदांचा उल्लेख ‘इतर सामान’ असा आहे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला यात प्रबंधाचा विषय दिसल्यास त्याने सभेची वाट न पाहता कपाटाची किल्ली मागावी.

एक शक्यता अशीही आहे की परिषदेची खरोखरच गरज उरलेली नसेल. हा पक्ष मी मनात पुष्कळ घोळवून पाहिला. परंतु २०२० चे शैक्षणिक धोरण आमच्याकडील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाल्यानंतर जे घडते आहे ते पाहता तो टिकत नाही. वाणिज्य आणि विज्ञान शाखांतील विद्यार्थ्यांना भाषिक क्षमतावर्धनासाठी मराठी शिकवावयाचे आहे. कौशल्याधिष्ठित अभ्यासपत्रिका आल्या आहेत, श्रेयांकांचे हिशेब बदलले आहेत. काय शिकवावे याचा आराखडा आहे, कसे शिकवावे याचा पत्ता नाही. आणि हे वर्ग ज्यांच्या वाट्याला येतात ते बहुशः तासिका तत्त्वावरीलच असतात. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जसा एकटा होतो तसे ते आहेत. फरक एवढाच की मला दिवाळीच्या सुटीत जाण्यास एक सतरंजी होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. परिषदेने त्यानंतरच्या सभेत अभिनंदनाचा ठराव केला. ती सभा गणसंख्येअभावी तहकूब होऊन नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरली होती. आम्ही जे उपस्थित होतो त्यांत सर्वांत तरुण सभासदाच्या निवृत्तीला चार वर्षे उरली होती. मागच्या रांगेत दोन सहयोगी सभासद होते. ठराव मतास टाकला तेव्हा त्यांतील एकाने सवयीने हात वर केला आणि मग आपल्याच लक्षात येऊन खाली घेतला.

आगामी सभेच्या विषयपत्रिकेत विसर्जनाचा ठराव चौथा आहे आणि घटनादुरुस्तीचा विषय नाही. विहित मुदतीत मी कार्यवाहांकडे तीन सूचना लेखी दिल्या आहेत. सभासदयादी सभेपूर्वी तपासून दिवंगतांची नावे आदरपूर्वक वेगळी करावीत. पात्रतेच्या कलमाची दुरुस्ती विसर्जनाच्या ठरावाआधी चर्चेस घ्यावी. दुरुस्ती संमत झाल्यास विसर्जनाचा ठराव एक वर्ष पुढे ढकलून तो नव्या सभासदांसह भरणाऱ्या सभेपुढे ठेवावा; त्यांनीही परिषद नको म्हटले तर त्या ठरावाला अनुमोदन देण्यास मी तयार आहे. सूचना मिळाल्याची पोच आली आहे. सभेसाठी यजमान महाविद्यालय अद्याप ठरलेले नाही. वसतिगृह रिकामे असेल असे एखादे कोणाच्या पाहण्यात असल्यास कार्यवाहांना कळवावे.